श्रीचैतन्यदेवांचे अश्रू

हरिश्चंद्राचे आख्यान चालू असावे, स्मशानात तो सत्यनिष्ठ राजा डोंबाचा सेवक होऊन उभा असावा, समोर मृत पुत्राला मांडीवर घेऊन तारामती बसलेली असावी, आणि सभेतील एकही डोळा कोरडा राहू नये, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांस आहे. कथा पूर्वीच माहीत असते. शेवटी सर्व गोड होणार, हेही ठाऊक असते. तरी माणसे रडतात. आणि नवल असे की, रडून उठल्यावर त्यांना हलके वाटते, व तेच आख्यान ऐकावयास ती पुन्हा येतात. घरीदारीही असेच घडते. मुलगी सासरी निघाली की जिचा तिच्याशी काही संबंध नाही, अशी शेजारीणही पदराने डोळे टिपते, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी आले तो मनुष्य आपल्याला एकाएकी जवळचा वाटू लागतो. दुःख कोणालाच नको असते. मग दुःखाचे चिन्ह असलेला हा अश्रू सर्वांना इतका प्रिय का?

चौदाव्या शतकात उत्कल देशात होऊन गेलेल्या साहित्यदर्पणकार विश्वनाथाने या प्रश्नाचा विचार केला आहे. करुणरसात केवळ दुःखच असते, तर त्याच्याकडे कोणी वळलेच नसते आणि रामायणासारखा ग्रंथही दुःखाचे कारण ठरला असता, असे त्याचे म्हणणे. करुणातही सुख आहे. याला सहृदयांचा अनुभव हेच प्रमाण, असा निर्वाळा त्याने दिला. परंतु अश्रूला सुख आहे, एवढे सांगून प्रश्न संपत नाही. ज्या गोष्टीत सुख असते तिचा लोभही जडतो. मग कोणता अश्रू मनुष्याला वर नेतो आणि कोणता त्याला आहे तेथेच बसवून ठेवतो, हे ओळखावे कसे? गीतेच्या वाचकाला हा प्रश्न पदोपदी भेटतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुनाचे डोळे पाण्याने भरलेले आहेत, आणि भगवंत त्या पाण्याचे कौतुक करीत नाहीत. तो मनाचा दुबळेपणा आहे असे स्पष्ट बजावतात. अकराव्या अध्यायात त्याच अर्जुनाचा कंठ पुन्हा दाटून येतो. परंतु आता तो हात जोडून स्तुती करीत असतो, आणि भगवंत त्याला धीर देतात. गहिवरणारा मनुष्य एकच, पण गहिवर निराळा.

हा भेद एका संपूर्ण जीवनात उलगडलेला पाहावयाचा असेल, तर बंगालचे श्रीचैतन्य महाप्रभू यांच्या चरित्राकडे वळावे. अश्रूंची इतकी वर्णने क्वचितच दुसऱ्या कोणा सत्पुरुषाच्या चरित्रात असतील. आणि अश्रूंची इतकी कठोर पारखही क्वचितच दुसरीकडे आढळेल.

शके १४०७, म्हणजे इसवी सन १४८६ च्या फाल्गुन पौर्णिमेला गंगातीरावरील नवद्वीप या विद्यानगरीत त्यांचा जन्म झाला. त्या संध्याकाळी चंद्रग्रहण होते आणि स्नानासाठी घाटावर जमलेल्या लोकांच्या मुखातून हरिनामाचा घोष चालला होता. पिता जगन्नाथ मिश्र हे मूळचे श्रीहट्टचे. माता शचीदेवी ही नीलांबर चक्रवर्तींची कन्या. तिची आठ मुले उपजून गेली होती. त्यानंतर विश्वरूप हा पुत्र आणि पुष्कळ वर्षांनी हा दुसरा. नाव विश्वंभर ठेवले. परंतु निंबाच्या झाडाखाली जन्मला म्हणून सर्व जण त्याला निमाई म्हणत.

हा बालक फार रडे, असे चरित्रकार वृंदावनदास सांगतात. पाळणा हलवून, खेळणी दाखवून, कडेवर घेऊन, कशानेच त्याचे रडे थांबत नसे. मात्र आळीतील बायका टाळ्या वाजवून हरिनाम म्हणू लागल्या की तो गप्प राही आणि हसू लागे. मग त्याला उगा करावयाचे म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक स्त्री नाम घेऊ लागली, आणि जगन्नाथ मिश्रांच्या घरात दिवसभर नामाचा गजर होऊ लागला. भाविक त्यात अवतारलीला पाहतात. आपण इतके तरी लक्षात ठेवू या की, ज्याच्या रडण्याने पुढे सारा बंगाल हरिनाम घेऊ लागला, त्याने त्या कार्याचा आरंभ पाळण्यातच केला होता.

निमाई लहान असतानाच विश्वरूपाने घर सोडून संन्यास घेतला. काही वर्षांनी जगन्नाथ मिश्रही निवर्तले. आई आणि मुलगा एवढेच घरात उरले. मुलगा कुशाग्र बुद्धीचा निघाला. व्याकरणात त्याचा हातखंडा झाला आणि मुकुंद संजय यांच्या घरी त्याने स्वतःची पाठशाळा उघडली. वादात समोरच्याला निरुत्तर करावे, वैष्णव वाटेत भेटले तर त्यांना शब्दांच्या कोड्यात पकडावे, यात या तरुण पंडिताला मोठी मौज वाटे. श्रीवास पंडितांसारखी वडीलधारी मंडळी हळहळत की, एवढी बुद्धी असून या मुलाला भक्तीचा गंध नाही.

लक्ष्मीप्रिया नावाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. पुढे ते पूर्वबंगालात गेले असता मागे तिचा सर्पदंशाने अंत झाला. परत आल्यावर त्यांना ते कळले. चरित्रकार सांगतात की, ते क्षणभर मान खाली घालून बसले, आणि मग मन आवरून आईची समजूत घालू लागले. येथे अश्रूंचे वर्णन जवळजवळ नाही. ज्यांच्या डोळ्यांतून पुढे अखंड धारा वाहिल्या, त्यांनी स्वतःच्या संसारावर कोसळलेल्या पहिल्या आघाताच्या वेळी दुसऱ्याचे डोळे पुसले, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व अश्रूंचा अर्थ लावताना विसरता येत नाही. आईच्या आग्रहास्तव त्यांनी पुढे सनातन मिश्रांची कन्या विष्णुप्रिया हिच्याशी दुसरा विवाह केला.

सुमारे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पित्याचे श्राद्ध करण्यासाठी ते गयेला गेले. विष्णुपदाच्या मंदिरात पुरोहित त्या पावलांचा महिमा वर्णन करीत होते. ऐकता ऐकता विश्वंभर पंडित स्तब्ध झाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तेथेच त्यांची ईश्वरपुरी या संन्याशाशी भेट झाली आणि त्यांच्याकडून त्यांनी मंत्रदीक्षा घेतली. घरी परतला तो पूर्वीचा पंडित नव्हता. नम्र होऊन, कोणी वैष्णव भेटला की त्याच्या पायाची धूळ घेणारा एक व्याकूळ तरुण परत आला होता. गयेत काय घडले ते सांगतो म्हणून त्यांनी काही निवडक मंडळींना शुक्लांबर ब्रह्मचाऱ्यांच्या घरी बोलाविले. परंतु आरंभीचे शब्द उच्चारताच कंठ दाटला आणि ते भूमीवर कोसळले. जे सांगावयाचे होते ते सांगून झालेच नाही. पाहणाऱ्यांना मात्र ते कळले.

पाठशाळेत शिष्य पोथ्या उघडून बसत. आचार्य सूत्राचा अर्थ सांगू लागत, आणि प्रत्येक सूत्राचा, प्रत्येक धातूचा अर्थ श्रीकृष्णच आहे असे त्यांच्या मुखातून निघे. शिष्य गोंधळले. काही दिवसांनी त्यांनी शिष्यांना सांगून टाकले की, आता माझ्याकडून अध्यापन होणार नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाकडे शिका. एवढे बोलून डोळ्यांतील पाणी न आवरता त्यांनी पोथीला दोरी बांधली. शिष्यांनीही आपापल्या पोथ्या बांधल्या, आणि आम्ही दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही असे रडत सांगितले. मग आचार्यांनी त्यांना टाळी वाजवून नाम कसे म्हणावयाचे ते शिकविले. पाठशाळेचा तो शेवटचा पाठ आणि संकीर्तनाचा पहिला.

यानंतर सुमारे वर्षभर रोज रात्री श्रीवासांच्या अंगणात दार लावून कीर्तन होऊ लागले. अद्वैताचार्य, नित्यानंद, हरिदास, मुकुंद, गदाधर असे थोर भक्त तेथे जमत. बाहेर मात्र चेष्टा चाले. रात्री दार लावून हे लोक काय करीत असतील, यांच्या आरड्याओरड्याने झोप मोडते, असे नवद्वीपचे प्रतिष्ठित लोक बोलत.

याच काळात चंद्रशेखर आचार्यांच्या घरी एक नाट्यप्रयोग झाला. हरिदास कोतवाल झाले, श्रीवासांनी नारदाचे सोंग घेतले, आणि विश्वंभर रुक्मिणी झाले. शचीमाता सुनेला घेऊन पाहावयास आली होती. नारदाच्या वेषातील श्रीवासांना ती ओळखू शकली नाही. हे आपले श्रीवासच ना, असे तिला शेजारी विचारावे लागले. रुक्मिणी श्रीकृष्णाला पत्र लिहिते तो प्रसंग आला. रंगभूमीवर बसून विश्वंभर भूमीचे पत्र, बोटाची लेखणी आणि डोळ्यांतील पाण्याची शाई करून लिहू लागले. तेव्हा सोंग आणि सत्य यांमधील पडदा गळून पडला. नट स्वतःला विसरला होता, आणि पाहणारे आपण नाटक पाहत आहोत हे विसरले होते. रात्र सरत आली तेव्हा, आता हे संपणार, या विचारानेच सर्वांना रडू आले. कथेतील अश्रू खोटा असतो असे म्हणणाऱ्याने या रात्रीचा विचार करावा. रुक्मिणी ही तेथे कल्पनेने आणलेली होती. परंतु तिच्या निमित्ताने जी तळमळ मोकळी झाली ती कल्पित नव्हती.

परंतु त्याच श्रीवासांच्या घरी एका रात्री अश्रूंची दुसरी बाजूही दिसली. अंगणात नृत्य-कीर्तन रंगले असताना आत श्रीवासांचा आजारी मुलगा दगावला. स्त्रियांनी आक्रोश आरंभिला. श्रीवास आत गेले आणि प्रभूंच्या आनंदात विघ्न येईल म्हणून त्यांनी सर्वांना आवाज न करण्याची शपथ घातली. नाहीतर आपण गंगेत देह टाकू असेही ते बोलले. मग ते पुन्हा येऊन कीर्तनात नाचू लागले. बाहेर भक्तीचे अश्रू मुक्तपणे वाहत होते, आणि भिंतीच्या आत एक आई तोंडात पदर कोंबून बसली होती. पुष्कळ वेळाने विश्वंभर थांबले. आज माझे मन असे का होते आहे, तुमच्या घरी काही दुःख घडले आहे काय, असे त्यांनी विचारले. सत्य कळले तेव्हा ते ढसढसा रडू लागले. त्या क्षणी कीर्तन संपले. त्यांनी त्या घराच्या शोकाला सामोरे जाऊन श्रीवासांना सांगितले की, मी आणि नित्यानंद असे दोन पुत्र तुम्हाला आहोत. आणि सर्वांसह ते त्या बालकाच्या अंत्यविधीसाठी गंगातीरी गेले. श्रीवासांची निष्ठा अलौकिक खरी. पण त्या निष्ठेने दाबून ठेवलेला हुंदका ज्याच्या हृदयाला दाराआडून ऐकू आला, त्याचे अश्रू निव्वळ स्वतःत रमलेले नव्हते, हे या प्रसंगावरून कळते.

इसवी सन १५१० च्या आरंभी, वयाची चोवीस वर्षे पूर्ण होत असताना, त्यांनी संन्यासाचा निश्चय केला. आईला ते आधी कळले होते. त्या रात्री ती दाराशी बसून राहिली. पुत्राने तिचा हात हातात घेऊन पुष्कळ समजाविले. ती काही बोलली नाही, फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिले. तिला प्रदक्षिणा करून, पायाची धूळ मस्तकी लावून ते निघाले. काटोया येथे केशव भारतींनी त्यांना दीक्षा दिली आणि श्रीकृष्णचैतन्य असे नाव ठेवले. केस उतरविण्यास बसलेल्या न्हाव्याचा हात डोळ्यांतील पाण्याने पुनःपुन्हा थांबत होता, आणि भोवती जमलेले, त्यांना कधी न पाहिलेले गावकरीही रडत होते.

पुढे शांतिपुरात अद्वैताचार्यांच्या घरी शचीमातेची भेट झाली. मुंडन केलेले ते मस्तक पाहून तिने आक्रोश केला. आपण कोठे राहावे हे त्यांनी तिच्यावरच सोपविले. तिने विचार करून सांगितले की, निमाईने नीलाचली, म्हणजे जगन्नाथपुरीस राहावे. तिकडे लोकांचे जाणे-येणे असते, त्यामुळे त्याची खबर तरी मिळत राहील. मुलाला घरी ठेवून घेण्याचा हट्ट तिने धरला नाही. तसे केल्यास संन्याशाची निंदा होईल हे तिला कळत होते. तिच्या या एका निर्णयात किती अश्रू गिळलेले असतील, याचे माप कोणत्याही ग्रंथात नाही.

पुरीला पोचताच जगन्नाथाचे दर्शन होऊन ते मंदिरातच मूर्च्छित पडले. तेथे वासुदेव सार्वभौम भट्टाचार्य होते. न्याय आणि वेदान्त यांतील हे प्रख्यात पंडित भावनेला सहज भुलणारे नव्हते. त्यांनी त्या तरुण संन्याशाला आपल्या घरी उचलून आणविले, नाकाशी कापसाचा तंतू धरून श्वास चालतो की नाही हे पाहिले, आणि एकेक लक्षण शास्त्राच्या कसोटीला लावून पाहिले. शेवटी, हे सोंग नव्हे, आजारही नव्हे, असा त्यांनी निर्णय केला. एका नैयायिकाने एका भक्ताच्या भावाची केलेली ही परीक्षा मोठी मार्मिक आहे. खऱ्या अश्रूला परीक्षेचे भय नसते.

काही महिन्यांतच महाप्रभू दक्षिणेच्या यात्रेला निघाले. गोदावरीतीरी रामानंद राय यांची भेट घेऊन ते श्रीरंगक्षेत्री आले आणि वेंकट भट्टांच्या घरी त्यांनी चातुर्मास केला. श्रीरंगनाथाच्या मंदिरात एक ब्राह्मण रोज गीतेचे अठराही अध्याय वाची. त्याचे उच्चार अशुद्ध होते. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नव्हता. ऐकणारे हसत, काही निंदाही करीत. त्याचे तिकडे लक्षच नसे. वाचताना त्याच्या अंगावर रोमांच उभे राहत आणि डोळ्यांतून पाणी गळे. महाप्रभूंनी त्याला एकांती विचारले की, कोणता अर्थ मनात येऊन तुम्हाला एवढे सुख होते? तो उत्तरला की, मी मूर्ख आहे, शब्दांचे अर्थ मला कळत नाहीत; गुरूंची आज्ञा म्हणून वाचतो. परंतु वाचू लागलो की अर्जुनाच्या रथावर लगाम हाती धरून बसलेला, त्याला हिताचे सांगणारा श्यामसुंदर मला दिसतो. जोवर वाचतो तोवर तो दिसतो. म्हणून हे वाचन माझ्याने सुटत नाही. महाप्रभूंनी त्याला आलिंगन दिले, आणि गीतापठणाचा खरा अधिकार तुमचाच आहे, गीतेचे सार तुम्हालाच कळले आहे, असे सांगितले.

या प्रसंगाचा अर्थ अभ्यास नको, शुद्ध उच्चार नको, असा काढणे योग्य होणार नाही. महाप्रभू स्वतः व्याकरणाचे आचार्य होते. अर्थ इतकाच की, त्या ब्राह्मणाला आपल्या अश्रूंची जाणीव नव्हती. त्याची दृष्टी अश्रूवर नव्हती, सारथ्यावर होती. ईश्वर असूनही जो दुसऱ्याचे घोडे हाकतो, त्याच्या करुणेने त्याचे हृदय वितळत होते. स्वतःच्या दुःखात बुडालेल्या अर्जुनाचे डोळे रथात बसूनही ज्याला पुरते ओळखू शकत नव्हते, त्याला हा अडाणी ब्राह्मण भरल्या डोळ्यांनी पाहत होता. अर्जुनाचा पहिला अश्रू आणि या ब्राह्मणाचा अश्रू यांतील अंतर ते हेच.

दक्षिण फिरून महाप्रभू कोल्हापूरवरून पंढरपुरास आले. त्यांनी भीमेत स्नान केले आणि विठ्ठलापुढे कीर्तन-नर्तन केले. तेथे त्यांना श्रीरंगपुरी नावाचे संन्यासी भेटले. बोलता बोलता श्रीरंगपुरींना पूर्वीची गोष्ट आठवली. आपल्या गुरूंसह ते एकदा नवद्वीपला गेले होते. जगन्नाथ मिश्रांच्या घरी त्यांना केळफुलाची अपूर्व भाजी वाढली होती, आणि त्या घरातील माउलीने संन्याशांना पुत्रासारखे जेवू घातले होते. तिचा एक मुलगा लहान वयात संन्यासी झाला; शंकरारण्य हे त्याचे नाव, आणि याच क्षेत्री त्याने देह ठेवला. महाप्रभूंनी शांतपणे सांगितले की, पूर्वाश्रमी ते माझे बंधू आणि जगन्नाथ मिश्र माझे पिता. लहानपणी हरवलेला विश्वरूप असा चंद्रभागेच्या तीरी, मृत्यूच्या वार्तेतून भेटला. कृष्णदास कविराजांनी चैतन्यचरितामृतात हा संवाद दिला आहे. जागोजागी अश्रूंचे पूर वर्णन करणारे हे ग्रंथकार येथे एकाही अश्रूचा उल्लेख करीत नाहीत. पुढे आणखी काही दिवस महाप्रभू तेथेच राहिले, रोज भीमेत स्नान आणि विठ्ठलाचे दर्शन करीत राहिले, एवढेच ते सांगतात. काही दुःखे अशी असतात की ती डोळ्यांवाटे बाहेर येत नाहीत. देवासमोर मुकाट उभे राहिले की ती तोच जाणतो.

संन्यासानंतरच्या चोवीस वर्षांपैकी सहा वर्षे प्रवासात गेली आणि उरलेली अठरा पुरीत. मंदिरात गरुडस्तंभाजवळ उभे राहून ते जगन्नाथाचे दर्शन घेत, आणि तेथील खळगा त्यांच्या अश्रूंनी भरून जाई, असे चरितामृतकार सांगतात. एके दिवशी गर्दीत दर्शन घडेना म्हणून एक उडिया स्त्री भान विसरून गरुडस्तंभावर चढली, आणि तिचा पाय महाप्रभूंच्या खांद्यावर पडला. सेवक गोविंद तिला खाली ओढू लागला. महाप्रभूंनी त्याला आवरले; तिला मनसोक्त पाहू दे, एवढी आर्तता जगन्नाथाने मला दिली नाही, असे ते म्हणाले. ज्याला आपल्या भावाचा अभिमान असतो, त्याच्या खांद्याला दुसऱ्याचा पाय सहन होत नाही.

रथयात्रेत रथापुढे नाचताना ते एक श्लोक पुनःपुन्हा म्हणत. तो कोणत्याही भक्तिग्रंथातील नव्हता; अलंकारशास्त्राच्या ग्रंथात उदाहरण म्हणून दिलेला, एका सामान्य नायिकेच्या जुन्या प्रीतीची आठवण सांगणारा तो लौकिक श्लोक. ऐकणारे गोंधळत. फक्त स्वरूप दामोदर आणि पुढे रूप गोस्वामी यांनी त्यातील मर्म ओळखले. लौकिक काव्याने डोळे भरून येतात त्यात कमीपणा नाही. त्या अश्रूला पुढची वाट मिळाली पाहिजे. परंतु याच महाप्रभूंच्या कानी कोणतेही नवे काव्य वा नाटक जाण्यापूर्वी ते स्वरूप दामोदर तपाशीत. ज्यात रसाचा केवळ आभास असेल, ते पुढे जाऊच देत नसत. डोळ्यांत पाणी आणणारी प्रत्येक रचना चांगली, असे त्या मंडळीत मानले जात नव्हते.

आणि हे अश्रू हात जोडून बसून राहणारे नव्हते. रथयात्रेच्या आधी गुंडिचा मंदिर झाडावयाचे असे. महाप्रभू स्वतः केरसुणी घेऊन झाडीत, वस्त्राने फरशी पुशीत. प्रत्येकाने काढलेला केर निरनिराळा ठेवावयास सांगत. आणि त्यांचा स्वतःचा ढीग सर्वांहून मोठा भरे. सनातन गोस्वामींच्या अंगाला वाहते खरूज झाले असता ते लांब पळत, तरी महाप्रभू त्यांना धरून आलिंगन देत. मुसलमान कुळात जन्मलेले हरिदास वारले, तेव्हा त्यांचा देह त्यांनी उचलून घेतला, समुद्रतीरी स्वहस्ते वाळू लोटून त्यांना समाधी दिली, आणि त्यांच्या महोत्सवासाठी सिंहद्वारी दुकानांपुढे पदर पसरून भिक्षा मागितली.

काशीतील प्रकाशानंद सरस्वतींसारखे संन्यासी त्यांना भावुक म्हणत. संन्याशाने वेदान्त वाचावा, हे गाणे-नाचणे-रडणे कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. महाप्रभूंनी रडण्याचे मंडन केले नाही. गुरूंनी मला मूर्ख पाहून नाम घेण्यास सांगितले, ते घेता घेता माझे मन माझ्या हाती राहिले नाही, एवढेच त्यांनी नम्रपणे सांगितले.

दर वर्षी ते जगदानंद पंडितांना प्रसाद आणि वस्त्र देऊन नवद्वीपला आईकडे पाठवीत. त्यांचा निरोप असे की, तुझी सेवा टाकून मी संन्यास घेतला हे माझे वेडेपण. त्याने माझा धर्म बुडाला. मला क्षमा कर. मी तुझाच आहे आणि तुझ्याच आज्ञेने येथे राहिलो आहे. लक्षावधी लोकांनी ज्यांच्या संन्यासाला वंदन केले, त्यांना आईच्या अश्रूंचे ऋण फिटलेले वाटत नव्हते. विष्णुप्रियादेवी तर पुढे नवद्वीपच्या घरातच राहिल्या. ठराविक नामजप झाला की तांदळाचा एक दाणा बाजूला ठेवावयाचा, आणि दिवसाकाठी जमतील तेवढेच दाणे शिजवून नैवेद्य दाखवावयाचा, असा त्यांचा नेम होता, असे परंपरा सांगते. महाप्रभूंच्या अश्रूंवर ग्रंथ झाले. या अश्रूंवर फारसे लिहिले गेले नाही. परंतु वाचकाने एकाला वंदन करताना दुसऱ्याला विसरू नये.

शेवटची बारा वर्षे ते काशी मिश्रांच्या घरातील गंभीरा या लहानशा खोलीत राहिले. रात्र झाली की स्वरूप दामोदर चंडीदास आणि विद्यापती यांची पदे व गीतगोविंद गात, रामानंद राय आपले नाटक आणि कृष्णकर्णामृत ऐकवीत, आणि विरहाने व्याकूळ झालेला तो महापुरुष ऐकत रात्र काढी. इसवी सन १५३३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुरीतच त्यांची इहलीला संपली.

त्यांनी स्वतः लिहिलेले असे जवळजवळ काहीच नाही. शिक्षाष्टकाचे आठ श्लोक तेवढे त्यांच्या नावे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एकात ते भगवंताला विचारतात की, तुझे नाव घेताना माझ्या डोळ्यांतून धारा कधी वाहतील? ज्यांच्या डोळ्यांना खळ नव्हता, त्यांची ही याचना! चरितामृतात त्यांच्या मुखातील आणखी एक उद्गार दिला आहे. त्याचा आशय असा की, माझ्या ठिकाणी हरिप्रेमाचा लेशही नाही. मी रडतो तो केवळ आपले सौभाग्य लोकांत मिरविण्यासाठी. इतरांनी ज्यांचे अश्रू तीर्थासारखे मानले, ते स्वतः त्या अश्रूंकडे संशयाने पाहत होते.

हाच धागा रूप गोस्वामींनी भक्तिरसामृतसिंधूत पुढे नेला. हा ग्रंथ १५४१ मध्ये पूर्ण झाला. आठ सात्त्विक भावांत अश्रूची गणना करून ते सांगतात की, हर्षाचा अश्रू शीतल असतो आणि रोषादिकांचा उष्ण. पुढे ते बजावतात की, काहींचे हृदय मुळातच निसरडे असते, काहींनी रडण्याचा अभ्यास केलेला असतो; अशांच्या डोळ्यांतही पाणी येते, रोमांचही उठतात, परंतु आत सत्त्वाचा आभासदेखील नसतो. म्हणजे ज्या संप्रदायाने अश्रूला सर्वांत वरचे स्थान दिले, त्यानेच खोट्या अश्रूची ओळखही सांगून ठेवली.

तेव्हा अश्रू आपल्याला प्रिय वाटतो, यात लाजण्यासारखे काही नाही. मी आणि माझे अशी जी गाठ आपण आयुष्यभर घट्ट करीत असतो, ती तारामतीसाठी किंवा शेजारच्या लेकीसाठी रडताना क्षणभर सैल होते. त्या मोकळेपणाचेच ते सुख आहे. भय एकच की, गाठ सैल झाली हे विसरून आपण पाण्याचेच कौतुक करू लागतो, किती छान रडू आले म्हणून समाधानाने घरी परततो, आणि घरात तोंड दाबून बसलेल्या कोणाचा हुंदका आपल्याला ऐकू येत नाही. श्रीचैतन्यदेवांना तो कीर्तनाच्या गजरातही ऐकू आला, आणि त्यांनी कीर्तन थांबविले.

आख्यान ऐकताना डोळे भरून आले तर ते खुशाल भरू द्यावेत. मात्र उठून घरी आल्यावर, आज आपल्यामुळे कोणाचे डोळे ओले झाले आणि कोणाचे कोरडे करावयाचे राहिले, एवढे एकदा पाहावे. गीता ऐकून अर्जुन अखेरीस उठला तो कार्याला लागण्यासाठी. अश्रूने स्वच्छ झालेल्या दृष्टीला समोरचे कर्तव्य दिसू लागले, तर तो अश्रू भगवंताला पोचला असे समजावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥